क्लच ड्रायव्हरनेच जाळला, कशावरून?

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. विषय जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचचा आहे, तेव्हा ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल दुसरीकडे वाचायला जावे. आमच्या नातेवाईकांपैकी निदान चौघांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे अशी अपेक्षा आहे. ते चौघे कोण, हे त्यांना ठाऊक आहे.

आमच्या सावर्ड्यात काय किंवा आजूबाजूच्या कुठल्याही वाडीत काय, ट्रॅक्टरचा क्लच गेला की निदान आधीच ठरलेले असते. ड्रायव्हरने जाळला! ट्रॅक्टर अजून उघडलेला नसतो, खाली वाकून कोणी पाहिलेले नसते, पण चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो. "पाय ठेवून चालवतो हो पेडलवर, दुसरं काय होणार?" मग मेकॅनिक येतो, ट्रॅक्टर मधोमध सोडवतो, नवी प्लेट टाकतो, बिल देतो. मालक ते बिल बघतो आणि त्यातला काही भाग ड्रायव्हरच्या पगारातून वळता करतो. ड्रायव्हर बहुधा विशीतला पोरगा असतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणी थांबलेले नसते.

मी पस्तीस वर्षे हायस्कूलात मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्रांचे माझे शिक्षण काही नाही. पण आमच्या थोरल्या भावाने १९८८ साली घेतलेला ट्रॅक्टर आजही आमच्या पडवीशेजारी उभा असतो आणि निवृत्तीनंतर त्याची उस्तवार माझ्याकडे आली. (कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. लगेच जाहिरात केली किंवा बदनामी केली असे दोन्ही बाजूंनी म्हणणारे आपल्यात आहेत.) मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि प्रश्न विचारायचे, एवढाच माझा अभ्यास. पण तेवढ्यावरही मी हे ठामपणे म्हणतो की न पाहता ड्रायव्हरवर आळ घेणे हा शुद्ध अन्याय आहे, आणि तो आपण शिकलेसवरलेले लोक सर्रास करतो.

ज्यांनी क्लच कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला टेकून क्लच प्लेट असते, तिच्या दोन्ही अंगांना घासणारे लायनर रिव्हेटने बसवलेले असतात. तिच्या मागे प्रेशर प्लेट असते, ती जोरदार स्प्रिंगांनी क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. दोन तव्यांमध्ये भाकरी दाबून धरावी तसे समजा. भाकरी तव्यांबरोबर फिरते आणि तिच्या मधल्या भोकातला खाचांचा दांडा गिअरबॉक्सला फिरवतो. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकून फिंगरना ढकलते, फिंगर वरचा तवा मागे ओढतात, भाकरी सुटी होते. पेडल सोडले की पुन्हा पकड. एवढेच ते यंत्र. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या आराखड्यावरचा बी-२७५ ट्रॅक्टर १९६० च्या दशकात मुंबईत बनू लागला, त्याच्यातही तत्त्व हेच. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर साठ वर्षे हे यंत्र चालले आहे आणि तरी आपल्याला त्यातले एकच कळते, ते म्हणजे ड्रायव्हरचा पाय!

आता त्या पायाबद्दल. पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल असावी लागते, तिला सगळे 'प्ले' म्हणतात. बोटाने पेडल दाबले तर सुरुवातीला ते हलके खाली जाते आणि मग जड लागते. तो हलका भाग म्हणजे प्ले. माझ्या पाहण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरना तो पाऊण ते दीड इंच असतो, नेमका आकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हा प्ले असेल तरच रिलीज बेअरिंग फिंगरपासून सुटे राहते. प्ले संपला की बेअरिंग फिंगरवर कायमचे टेकते, स्प्रिंगांचा दाब कमी होतो, प्लेट घसरू लागते आणि घसरता घसरता जळते. पेडलवर पाय ठेवून चालवल्यानेही अगदी हेच होते. म्हणून लोक पायाला दोष देतात.

पण गंमत पुढेच आहे. लायनर वापराने झिजणारच. तो झिजला की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने थोडी पुढे सरकते आणि फिंगरची आतली टोके मागे, बेअरिंगच्या दिशेने येतात. म्हणजे ड्रायव्हरने काहीही केले नाही, अगदी पाय मांडी घालून बसला, तरी पेडलचा प्ले आपोआप कमी होत जातो. तो ठराविक तासांनी दांड्यावरचे नट फिरवून पुन्हा करून घ्यायचा असतो. दहा मिनिटांचे काम आहे, दोन पाने लागतात. हे कुणी करायचे? ट्रॅक्टर ज्याचा त्याने. आणि हे कोण करत नाही? ज्याचा ट्रॅक्टर तोच. मग क्लच जळाला की ओरडायला तोच पुढे!

पेडलवर पाय ठेवल्याने जळलेली प्लेट आणि प्ले न ठेवल्याने जळलेली प्लेट शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन्हींत फरक करता येत नाही. फरक फक्त ट्रॅक्टर सोडवण्याआधी पेडलजवळ कळतो. पाय पूर्ण काढलेला असताना प्ले किती आहे ते मोजायचे. शून्य निघाला तर ड्रायव्हरवर बोट दाखवायची सोय राहत नाही. मेकॅनिकने जोडदांडे सोडले की हा पुरावा गेला. मी शाळेतली सहा इंची फूटपट्टी घेऊन जातो तेव्हा लोक हसतात. हसोत.

आणखी एक. पेडलवर पाय ठेवू नको असे पोराला दरडावणाऱ्या मालकांनी जरा ट्रॅक्टरवर चढून बघावे की डावा पाय ठेवायचा कुठे. माझ्या पाहण्यातल्या तीन जुन्या ट्रॅक्टरांचा डाव्या बाजूचा पायटा गंजून पडलेला आहे. एकाला तर तिथे सुतळीने फळी बांधली आहे. सीटची स्प्रिंग गेलेली, पाटा एका बाजूला कललेला. दिवसभर त्या धक्क्यांत बसलेल्या माणसाने डावा पाय हवेत धरावा अशी अपेक्षा आहे काय?

चढणीवर अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर रोखून धरणे, हा दुसरा आरोप. खरा आहे, मी नाकारत नाही. आमच्याकडे सपाट रस्ता असा कुठे आहे? खाणीतून जांभ्याचे चिरे भरून ट्रॉली निघाली की पाखाडीसारख्या चढणी, मध्ये वळण, समोरून रिक्षा. थांबून परत उचलायचे तर क्लच सोसतो. पण ट्रॉलीत चिरे किती रचायचे हे पोरगा ठरवतो का? "अजून दोन थर टाक, फेरी वाचेल" असे कोण म्हणते? वाचलेल्या फेरीचे डिझेल मालकाच्या खिशात आणि जळलेला लायनर ड्रायव्हरच्या खात्यावर, असा हा हिशेब आहे. हाताने धरणारा ब्रेक नीट असेल तर चढणीवर क्लचने रोखायची गरजच पडत नाही. पण तो ब्रेक चालतो असा जुना ट्रॅक्टर मला आमच्या पंचक्रोशीत कुणी दाखवला तर मी त्याला घरी बोलावून आंबोळ्या खायला घालीन.

आता ज्यावरून हे सगळे लिहायला बसलो ते सांगतो. मालक आमच्या नात्यातले आहेत, नाव घेत नाही. ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी, दहावीला माझ्या वर्गात होता. चौदा महिन्यांत दोनदा क्लच गेला. पहिल्या वेळी बिल झाले १४,३०० रुपये, त्यातले सहा हजार त्याच्या पगारातून तीन हप्त्यांत कापले. दुसऱ्यांदा गेल्या जूनमध्ये, ऐन चिखलणीच्या तोंडावर. पोरगा माझ्याकडे आला. "सर, माजा पाय नव्हता ओ पेडलवर. आईशप्पत." मी म्हटले शपथ नको, आपण प्लेट बघू.

मेकॅनिकने ट्रॅक्टर सोडवला तेव्हा मी तिथे होतो. प्लेट बाहेर काढली ती काळीभोर, चकचकीत, बोट फिरवले की बोटाला तेल. पेडलवरच्या पायाने जळालेला लायनर कोरडा असतो, करपलेला, कडा भुरभुरलेल्या, रिव्हेटची डोकी उघडी पडलेली. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक तडे दिसतात. इथे ती लक्षणे नाहीतच. लायनरची जाडी बरीच शिल्लक! म्हणजे प्लेट झिजलेली नव्हती, तेलाने बुळबुळीत झालेली होती. तेलकट तव्यावर भाकरी धरता येईल का?

तेल आले कुठून? क्लच ज्या पोकळ घरात असतो त्याला पुढून इंजिन आणि मागून गिअरबॉक्स. दोन्हींमध्ये तेल, आणि मध्ये अडवायला ऑइल सील. पुढचे सील गेले की इंजिनचे काळे, पातळ तेल येते. मागचे गेले की गिअरबॉक्सचे जाड आणि त्यामानाने स्वच्छ तेल. इथे काळे होते. या घराच्या तळाशी बऱ्याच ट्रॅक्टरना एक भोक ठेवलेले असते आणि त्यात सैलसर कॉटर पिन लटकत असते, म्हणजे हलून हलून भोक मोकळे राहील आणि गळालेले तेल किंवा चिखलणीत शिरलेले पाणी खाली पडेल. तिथून थेंब पडू लागला की समजावे, सील गेले. आगाऊ सूचना मिळावी म्हणून केलेली किती साधी सोय! आमच्या या ट्रॅक्टरला पिन नव्हती आणि भोक लाल मातीने गच्च बुजलेले होते, वरून कुंभारीण माशीने घर केलेले. सूचना मिळणार कशी?

मी मेकॅनिकला विचारले, मागच्या वेळी सील बदलले होते का? बिलात बघा म्हणाला. बिलात प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी. सील नाही. दोन-चारशे रुपयांची वस्तू, ट्रॅक्टर मधोमध सोडवलेला असताना हाताशी असलेली, तिला कोणी हात लावला नाही. (पहिल्या वेळचा मेकॅनिक दुसरा होता, त्याच्या गॅरेजचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, सगळीकडे हेच चालते.) पहिली जुनी प्लेट गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती, तीही काढून आणली. वर्षभराची धूळ बसली होती, पण धूळ बसली ती तेलावरच. जाडसर चिकट थर. पंच म्हणून तिथे चार माणसे उभी होती.

इंजिनच्या वरच्या अंगाला ब्रीदर म्हणून एक छोटी नळी किंवा टोपी असते, आतली वाफ बाहेर जायला. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढून तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. ही तुंबलेली निघाली. तेव्हा नुसते सील टाकले असते तरी तेही सहा महिन्यांत गळायला लागले असते, आणि तिसऱ्यांदा आरोपी कोण झाला असता हे तुम्हीच सांगा.

यावर आमच्या पुण्याच्या पुतण्याचे म्हणणे असे, की काका, मुळात एवढा जुना ट्रॅक्टर ठेवताच कशाला, दहा वर्षांनी तो भंगारात काढायचा कायदाच आहे. ड्रायव्हर सुटला की वयाला धरायचे, ही दुसरी तऱ्हा! तर त्याच्यासाठी सांगतो. दहा वर्षांची सक्ती ही फोनवरून फिरलेली अफवा होती आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२३ साली तिचा जाहीर इन्कार केलेला आहे. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन, पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण. आणि क्लच म्हाताऱ्या ट्रॅक्टरचाच जातो असे कुठे आहे? बुजलेले भोक नव्या ट्रॅक्टरचेही बुजलेलेच.

वयापेक्षा आमच्याकडे पाऊस आणि उभे राहणे जास्त नडते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवेत सतत ओल, आणि ट्रॅक्टर वर्षातले कित्येक महिने नुसता उभा. मग लायनर गंजाने फ्लायव्हीलला चिकटतो. पेडल पूर्ण दाबले तरी भाकरी सुटत नाही, गिअर टाकताना करकर आवाज. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात आणि खेर्डीत शिरले, तेव्हा किती वाहने बुडाली ते आपण सगळ्यांनी पाहिले. माझ्या ओळखीच्या एकांचा ट्रॅक्टर तिथे दीड दिवस पाण्यात होता. तेलपाणी बदलून सुरू केला तर गिअर पडेना. तिथेही पहिले वाक्य हेच, "पोराने गिअर टाकताना मोडला." पोराने काय पूर आणला होता?

त्या वेळी एका वयस्क मेकॅनिकने जे केले ते पाहण्यासारखे होते. इंजिन अर्धा तास चालवून गरम केले, मग बंद केले. ट्रॅक्टर मोकळ्या वावरात, पुढे कुणी नाही याची खात्री करून, वरच्या गिअरमध्ये टाकला, क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून स्टार्टर मारला. दुसऱ्या झटक्याला 'फट्' असा आवाज झाला आणि प्लेट सुटली. मजुरी पाचशे. (हे घरी करून बघू नका, जाणता माणूस बरोबर नसेल तर ट्रॅक्टर भिंतीत जाईल.) आणि त्याने जाताना सांगितले की काम संपवून ट्रॅक्टर उभा करताना पेडल दाबून खाली लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा, प्लेट सुटी राहते. आमच्या ट्रॅक्टरला तेव्हापासून फणसाचा ठोकळा आहे.

हे दोन आजार वेगळे आहेत, पण आपल्याकडे दोन्हींना 'क्लच गेला' एवढेच म्हणतात, आणि दोन्हींवर उपाय नवी प्लेट. एकात पकड धरत नाही, इंजिन ओरडते आणि चाके मागे राहतात. दुसऱ्यात पकड सुटत नाही. दुसऱ्यात प्ले जास्त झालेला असू शकतो, जोडदांड्यांच्या पिना आणि बुश झिजलेले असू शकतात, फिंगर वरखाली असू शकतात, किंवा प्लेट दांड्याच्या खाचांत अडकलेली असू शकते. पिना झिजल्या असतील तर लेथवाल्याकडून शंभर-दोनशेत नव्या होतात. पेडल दाबल्यावर खरखर आली तर रिलीज बेअरिंग, आणि दाबल्यावर आवाज थांबला तर बहुतेक गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याचे बेअरिंग. हे कान देऊन ऐकले तर कुणालाही कळते. पण ट्रॅक्टर सोडवायची मजुरी मोठी आणि भोक मोकळे करायची मजुरी शून्य, तेव्हा मेकॅनिकला दोष तरी किती द्यायचा? प्रश्न विचारायचे काम मालकाचे आहे आणि मालकाला उत्तर आधीच माहीत असते.

पेडलवर पाय ठेवून पेंगणारे ड्रायव्हर असतात, मला माहीत आहे. एकाला मी स्वतः ओरडलो आहे. पण मी तीसेक वर्षांत हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पेपर न उघडता कुणाला नापास केले नाही. पगार कापायचा असेल तर निदान प्ले मोजा, तळाच्या भोकाखाली पांढरा कागद ठेवून रात्रभर ट्रॅक्टर उभा करा, जुनी प्लेट मेकॅनिककडून मागून घ्या. (प्लेटवरची धूळ फुंकू मात्र नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ते छातीत जाते.) आणि त्या पोराला शेजारी उभा करून सगळे त्याच्यासमोर करा.

दुसऱ्या वेळचे पैसे मालकांनी कापले नाहीत, एवढे झाले. पहिले सहा हजार परत द्या म्हटले तर "झालं गेलं, आता कशाला" असे उत्तर आले. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही मला समजावले की नात्यात अशा गोष्टी ताणू नयेत. मी ताणणार आहे. सहा हजार म्हणजे त्याच्या घरात पावसाळ्याचे तांदूळ आहेत.

दोन्ही प्लेट सध्या माझ्या पडवीत, खुंटीला टांगलेल्या आहेत. गणपतीत सगळे येणारच आहात, तेव्हा ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी बोट फिरवून बघावे. फडके शेजारीच ठेवले आहे, ते हात पुसायला. प्लेट पुसायच्या नाहीत.